नवापूर : भरपाईत न मोजलेली खुडूक कोंबडी

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूवर शिक्कामोर्तब करताच लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच तालुक्यावर पुन्हा तीच वेळ आली.

साथीच्या परिघात मोठ्या पोल्ट्रींबरोबरच आदिवासी पाड्यांवरील परसातल्या कोंबड्याही सापडतात. ते अपरिहार्यच; विषाणू फार्म आणि अंगणातले डालगे यांत भेद करीत नाही. भरपाई मात्र नगावर मिळते आणि येथेच हिशेब चुकतो. पोल्ट्रीचालक हॅचरीतून एकदिवसीय पिल्ले आणून पुन्हा उभा राहू शकतो. पाड्यावर खुडूक झालेली गावठी कोंबडी हीच हॅचरी. एकवीस दिवस ती अंड्यांवर बसते, नंतर पिल्लांना चरायला शिकवते, घारीपासून राखते. तीच गेली की पुढची पिढीही जाते आणि अडीनडीला शेळीआधी विकायचे चार पक्षीही. त्याऐवजी वाटायच्या म्हटल्या तर 'वनराजा'सारख्या सुधारित जाती वजनाला चांगल्या, पण क्वचितच खुडूक होतात. दर खेपेस पिल्ले विकतच आणावी लागतात.

बाधित पाड्यांना भरपाईबरोबर तपासलेल्या गावठी माद्याही मिळायला हव्यात. त्या कोठून आणायच्या, हे पशुसंवर्धन खात्याला साथ येण्याआधीच ठरवावे लागेल.