पट्टा पडल्यावर ग्रामसभा घ्या

१५ जानेवारी २०२१ रोजी राज्यभर ग्रामपंचायतींचं मतदान होतं. आमची ऊसतोडीची टोळी तेव्हा कोल्हापूरकडे फडात होती. आदल्या संध्याकाळी उमेदवाराने धाडलेली जीप कोपीपुढे येऊन उभी राहिली. मोळ्या तशाच टाकून, लेकरं मांडीवर घेऊन आम्ही दाटीवाटीने बसलो. रातभर प्रवास, सकाळी बोटाला शाई, आणि लगेच त्याच गाडीने परत. मतासाठी आम्हाला चार जिल्हे ओलांडून आणता येतं, तर गावचा कारभार ठरताना आमची वाट का पाहता येत नाही?

मी बीड जिल्ह्यातली, बारावी शिकलेली, ऊस तोडणारी बाई. टोळीचा हिशेब मी लिहिते, म्हणून कागद कसा फिरतो ते मला कळतं.

माझे आजेसासरे निजामाची रयत म्हणून जन्मले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी नि आजेसासूने मत टाकलं. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर चिन्ह. ज्या वाड्यापुढून चप्पल हातात घेऊन जावं लागायचं, त्या वाड्यातल्या मालकाचं मत एक आणि आजेसासूचंही एकच. मला हे आजही फार मोठं वाटतं. कारण मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता; उचल दोघांची, नाव त्याचं. मतदार यादीत मात्र माझा अनुक्रमांक वेगळा आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागली. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभेला बळ आलं, बायकांना राखीव जागा मिळाल्या. पण २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी ऐन हंगामात येते. पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मार्चच्या आत होतो, तेव्हाही आम्ही फडातच. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पारावर बसलेल्या दहा-बारा माणसांत ठराव पास होतो. सगळं कायद्याला धरून. गावी परतल्यावर कळतं, सिमेंटचा रस्ता गावठाणात झाला, आमच्या वस्तीवर पाण्याचा नळ नाही.

“तुमचे लोक सभेला येतच नाहीत,” असं आम्हाला ऐकवतात. मे महिन्यात येतात का ते बघा. कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, सगळे गावात असतात. घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामं, पाण्याची योजना, हे विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्या. अर्थसंकल्पाचं म्हणाल, तर त्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या सभेत, आम्ही गाव सोडायच्या आधी करा. जी गावं निम्मी हंगामाला जातात, तिथे हिवाळ्यातल्या तहकूब सभेत पैशाचा ठराव होऊ नये, असं शासनाने परिपत्रक काढावं. आणि ग्रामसभेआधीची महिला सभा दिवेलागणीनंतर ठेवा. उन्हाळ्यात सकाळची वेळ आम्हा बायांची पाणी भरण्यात जाते.