सहल सगळ्यांची हवी

शिक्षक मित्रांनो, पालकहो, दिवाळी झाली की शाळेत सहलीचा विषय निघतो. यंदा आमच्या वर्गाने एका सुरात जैसलमेर मागितलं. उंटाची सफर, समच्या वाळूच्या टेकड्या, तंबूतली रात्र! हौस खरीच. पण वर्धेहून तिथवरचा खर्च सांगितला, तशी काही मुलं मान खाली घालून बसली.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या सहलीला अर्धा वर्ग घरी राहतो, ती शाळेची सहल नव्हे.

मग वाळवंट सोडायचं का? मुळीच नाही. एका ताटात वाळू, दुसऱ्यात पाणी घेऊन उन्हात ठेवा. दुपारी आणि सूर्य मावळल्यावर दोन्हींत थर्मामीटर लावा. वाळू लवकर तापते, लवकर निवते. थरच्या वाळवंटात दिवसा चटके आणि रात्री गारठा का, हे मुलं स्वतःच सांगतील.

आणि साहस? डबे घेऊन पवनारला धाम नदीकाठी चला. खडकांवर चढू द्या, ओल्या मातीत पक्ष्यांच्या पायांचे ठसे शोधू द्या. खोल पाण्यापासून मात्र लांब ठेवा.

जैसलमेर कुठे पळून जात नाही. पण आज मागे राहिलेलं मूल ते विसरत नाही. पटतंय ना?