जिना कोणी झाडायचा?

2002 साली अमेरिकेत ‘रूम्बा’ विक्रीला आला. तेव्हापासून घर झाडणाऱ्या यंत्राला एक गोष्ट पक्की शिकवलेली आहे: जिन्यापासून लांब राहायचे. यंत्राच्या पोटाखालून इन्फ्रारेड किरण सोडले जातात. ते फरशीवर आपटून परत आले की पुढे जायचे, नाही आले तर खाली पोकळी आहे असे समजून मागे फिरायचे. पुढच्या वीस वर्षांत ही यंत्रे घराचा नकाशा काढू लागली, फरशी पुसू लागली, आपले फडके आपणच धुऊ लागली. पहिल्या पायरीशी मात्र ती थांबत राहिली. सप्टेंबर 2025 मध्ये बर्लिनच्या ‘आयएफए’ प्रदर्शनात ड्रीमी आणि यूफी या चिनी नाममुद्रांनी जिना चढणारी यंत्रे मांडली. जानेवारी 2026 मध्ये लास व्हेगासच्या ‘सीईएस’ प्रदर्शनात रोबोरॉकने चाके लावलेल्या दोन पायांचे यंत्र दाखवले. त्यामुळे दुमजली घरात राहणाऱ्यांपुढे आता एक खरा प्रश्न आहे: याची वाट पाहावी का?

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. बर्लिनमध्ये दिसलेली यंत्रे म्हणजे मुख्यतः वाहक आहेत. झाडणारा रोबो त्यात बसतो आणि वाहक त्याला वर नेऊन सोडतो. पायऱ्यांवरची धूळ तशीच राहते. पायरी चढता चढता ती झाडण्याची कल्पना रोबोरॉकच्या यंत्रात आहे. जाहिरातीत दोन्हींना ‘जिना चढणारा’ म्हटले जाईल. घेणाऱ्याने विचारायचे ते हे, की जिना चढतो की जिना झाडतो?

गरज खोटी नाही. अमेरिकेत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची घरे दुमजली असतात, खाली तळघर, वर झोपायच्या खोल्या, जिन्यावर गालिचा. रोजच्या कामाला माणूस ठेवणे तिथे परवडत नाही. रोबो असतोच, पण तो हातात धरून वर न्यावा लागतो, कारण त्याचा डॉक, म्हणजे चार्ज व्हायची जागा, खाली असतो. भारतातून आलेल्या सासूबाई किंवा आई नेमके हेच काम कौतुकाने अंगावर घेतात, आणि गुडघे दुखत असताना एका हातात यंत्र धरून पायऱ्या चढतात. पुण्या-नाशिकच्या रो-हाऊसमध्ये चित्र थोडे वेगळे आहे. मुले दूर गेलेली, वरचा मजला बहुतेक वेळ बंद आणि खाली राहणारे दोघेही साठीपुढचे. वर धूळ साचते, कारण झाडायला वर जाणेच नको वाटते. जिना झाडताना वाकून एकेक पायरी खाली उतरावे लागते आणि पुसताना पायरी ओली असते. या वयात तिथे तोल गेला तर नुसत्या खरचटण्यावर भागत नाही. अशा घराला वर स्वतः जाणारे यंत्र मिळाले तर ती चैन म्हणता येणार नाही.

तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बरेच काही आहे. पहिली अडचण पाण्याची. आजचे पुसणारे रोबो थोडी फरशी झाली की डॉककडे परततात, फडके धुतात, पाणी भरतात आणि पुन्हा निघतात. डॉक खाली आणि काम वर असेल, तर वरचा मजला पुसायला यंत्राला पुन्हा पुन्हा जिना उतरावा-चढावा लागेल. प्रत्येक फेरीत वेळ जाणार, बॅटरी जाणार आणि पडण्याची एक शक्यता वाढणार. काही किलोंचे यंत्र वरच्या पायरीवरून निसटले आणि खाली नातू खेळत असेल, हा विचार प्रदर्शनाच्या झगमगाटात कोणाला सुचत नसला तरी घरात सुचायलाच हवा.

दुसरी अडचण आपल्या जिन्यांची आहे. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर सांगते. ड्रीमीचा दावा 25 सेंटिमीटरपर्यंत चढण्याचा आहे, म्हणजे उंचीचा अडसर नाही. पण आपला जिना संहितेप्रमाणे बांधलेला असतोच असे कुठे आहे? गवंड्याने जागा वाचवायला वळणावर तिकोनी पायऱ्या काढलेल्या असतात. पहिली पायरी एका मापाची, शेवटची दुसऱ्याच मापाची. कडेला चपला, कुंड्या, गॅसचे रिकामे सिलिंडर. त्यात काळा ग्रॅनाइट किंवा कडप्पा लावलेला असेल तर इन्फ्रारेड किरण दगडातच मुरतात आणि साध्या संवेदकाला सपाट जागाही खड्डा वाटते. कॅमेरे आणि लेसर वापरणारी नवी यंत्रे यावर मात करू शकतील, पण ती सिद्धता आपल्या जिन्यांवर व्हायला हवी, प्रदर्शनासाठी बांधलेल्या लाकडी पायऱ्यांवर नाही.

कॅमेऱ्याचा मुद्दा इथेच येतो, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. जिना चढायला यंत्राला नीट दिसावे लागते आणि चढून ते पोहोचते झोपायच्या खोल्यांत. 2022 मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने उघड केले की चाचणीसाठी लोकांच्या घरात दिलेल्या रूम्बांनी टिपलेली छायाचित्रे, त्यात शौचालयात बसलेल्या एका महिलेचेही, समाजमाध्यमांवर पोहोचली होती. 2024 मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्सच्या काही रोबोंचा ताबा परक्यांनी घेतला आणि त्यांच्या स्पीकरमधून घरातल्या माणसांना शिवीगाळ केली. वरच्या मजल्यावर डोळे असलेले यंत्र पाठवायचे तर चित्रे घराबाहेर जात नाहीत याची लेखी हमी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. भारतात 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचा आधार घेऊन विचारायला संकोचू नये.

दुरुस्तीचे थोडक्यात. चाकांपेक्षा पाय जास्त बिघडतात, कारण त्यांत सांधे आणि मोटारी जास्त असतात. सुटा भाग गावात मिळत नसेल, तर महागडे यंत्र वर्षभरात कोपऱ्यात जाते.

आणि आपल्याकडे हे काम आज कोण करते, ते विसरून चालणार नाही. धुणे-भांडी, केर-फरशी करणाऱ्या बायकांच्या पुण्यातल्या 1980 च्या संपाने घरकामालाही दर आणि सुटी असते हे शहराला सांगितले. 2008 मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. तरीही केर-फरशीचे पैसे ठरवताना खोल्या मोजल्या जातात, जिना मात्र ‘त्यातच आला’ असे धरले जाते. यंत्राने कामाला येणाऱ्या बाईचे वाकणे कमी केले तर मी त्याचे मनापासून स्वागत करीन. पण यंत्र आले म्हणून पगार कापायचा आणि यंत्राला न जमलेले कोपरे व पायऱ्या तिच्याकडेच ठेवायच्या, हा व्यवहार अन्यायाचा आहे.

सगळे तोलून माझे मत असे. ज्या घरात वर जाणे कोणालाच जमत नाही आणि मदतीला माणूसही मिळत नाही, तिथे जिना झाडणाऱ्या यंत्राची वाट पाहणे योग्य आहे. तेही पहिल्या वर्षीचे यंत्र न घेता, आपल्यासारख्या जिन्यावर ते चढताना आणि विशेषतः उतरताना पाहून. बाकीच्यांनी घाई करू नये. दोन मजल्यांवर दोन साधी, कॅमेरा नसलेली यंत्रे ठेवली तर बहुतेक काम आजच होते. जिना हाताने झाडावा, कोरडा असतानाच. आणि तो बाईंकडून झाडून घेत असाल, तर पुढच्या महिन्यापासून त्याचे वेगळे पैसे द्या.