सावली मागितली, सल्ला मिळाला

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आरोग्य खात्याच्या पत्रकांतून गर्भवतींसाठी सूचनांचा पाऊस सुरू होतो. भरपूर पाणी प्या. दुपारी बाहेर पडू नका. सुती कपडे घाला. डाव्या कुशीवर विश्रांती घ्या. अलीकडे त्यात शनिवार-रविवारच्या सहलींची भर पडली आहे. दिवस गेलेले असताना सुट्टीची मजा कशी लुटावी, बाळंतपणानंतर पहिल्या प्रवासात काय सांभाळावं, असे लेख येतात. त्यातल्या सूचना बहुतेक बरोबर असतात, पण पत्ता चुकलेला असतो. सगळ्या सूचना एकट्या बाईच्या नावाने. नवरा, सासू, ठेकेदार, एस.टी. महामंडळ, नगरपरिषद, वनविभाग यांच्या नावाने एक ओळ नसते.

मी भंडारा जिल्ह्यात काम करते. इथला मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना नवतपा म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकतो, रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. अशा दिवसांत सुट्टी येते ती शाळेच्या मुलांना आणि नोकरदारांना. रावणवाडीला, चांदपूरला, गोसीखुर्दच्या धरणावर डबे घेऊन जाणारी कुटुंबं दिसतात. त्या डब्यांतल्या पोळ्या पहाटे कोणी लाटल्या? माहेरी आलेल्या नणंदा, त्यांची मुलं, लग्नसराईचे पाहुणे, आणि गच्चीवर कुरडया, पापड, शेवयांचं वाळवण! घरात सातव्या महिन्याची सून असेल तर सुट्टीत तिचं काम दुप्पट होतं. "चालतं-फिरतं राहिलं की बाळंतपण सोपं जातं" हे वाक्य तिला चुलीपुढे उभं करण्यासाठी वापरलं जातं, आणि तिने संध्याकाळी तळ्यावर फिरायला जायचं म्हटलं की तेच घर सांगतं, "पोटुशी बाईने असं भटकू नये."

जंगलाच्या कडेच्या गावांत तर सुट्टी हा शब्दच बेगडी वाटतो. तिथे मे म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. पहाटे अंधारात निघायचं, वाकून पानं तोडायची, भारा डोक्यावर आणायचा, दुपारभर बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि ती फळीवर नेऊन मोजून द्यायची. मजुरी पुडक्यांवर मिळते, तेव्हा बसेल ती बाई उपाशी! हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, त्यात शनिवार नाही, रविवार नाही. अशा बाईला "दुपारी विश्रांती घ्या" असं सांगणारं पत्रक तिची थट्टा करतं.

विश्रांतीला पैसे लागतात, हे शासनाला ठाऊक आहे. १९६१ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला. २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. फार चांगलं झालं. पण ही रजा मिळते हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला. पानं तोडणारी, विड्या वळणारी, रोवणी करणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर असते? तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचं लिहून ठेवलं. २०१७ च्या मातृवंदना योजनेने त्याचे ५,००० केले, तेही पहिल्या अपत्यापुरते. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळू लागले. म्हणजे कायदा म्हणतो 'प्रत्येक', आणि योजना म्हणते 'पहिली खेप, नाहीतर दुसरी मुलगी'. दुसऱ्या खेपेला मुलगा झालेली आई काय उन्हात वितळत नाही? आणि ५,००० रुपये २६ आठवड्यांवर वाटून पाहा. दिवसाला २८ रुपयेसुद्धा भरत नाहीत. नोकरदार बहिणीला पूर्ण पगार आणि मजूर बहिणीला दिवसाचे २७-२८ रुपये, असा हा मातृत्वाचा सन्मान!

आता पाण्याचं पाहू. गावातल्या बैठकीत मी पाणी पिण्याबद्दल बोलत होते तेव्हा एक बाई म्हणाली, "पानी पेवाले सांगता बाई, पन मंग जावाचं कुठं?" या एका प्रश्नात सगळं आलं. गर्भवतीला वारंवार लघवीला लागतं. फळीवर आडोसा नाही, बाजारात मुतारी आहे ती पुरुषांची, बसस्थानकावरच्या शौचालयाला कुलूप तरी असतं नाहीतर पाय ठेववत नाही. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट झालं, पण अर्ध्या तिकिटावर निघालेली बाई वाटेत जाणार कुठे? म्हणून ती प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो अंगावर काढला तर दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. मुंबईत २०११ साली बायकांनी 'राईट टू पी' मोहीम सुरू केली तेव्हा अनेकांनी हसून घेतलं. आपल्या जिल्ह्याच्या उन्हाळ्यात हा प्रश्न जीवावरचा आहे.

उन्हाचा धोका हा बायकांचा नाजूकपणा नव्हे. २७ देशांतले ७० अभ्यास एकत्र करून २०२० साली मांडलेला निष्कर्ष असा की उष्णतेच्या लाटेत मुदतपूर्व प्रसूतीचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, हे विसरू नका. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. ती गर्भवती असली तर दोन जीव पणाला लागतात.

यावर उपाय आहेत. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूती विभाग अगदी वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला, आणि उष्णतेने आजारी पडणाऱ्या नवजात बाळांचं प्रमाण घटलं. तिथे मातांना जास्तीचा उपदेश कोणी केला नव्हता. व्यवस्थेने आपली जागा बदलली, एवढंच. २०१३ साली त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला.

आणि व्यवस्था जागची हलली नाही तर काय होतं, ते भंडाऱ्याने पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१, शनिवारची पहाट. जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. ७ बाळं वाचली, १० गेली. घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या, बाळ अशक्त असेल तर आमच्या हवाली करा, हे सगळं त्या आयांनी ऐकलं होतं. सुरक्षिततेचा जाब आईकडे मागणाऱ्या प्रत्येकाने ती पहाट आठवावी.

बोट फक्त शासनाकडे दाखवून मात्र आपली सुटका नाही. ओल्या बाळंतिणीला भर मे महिन्यात दारं-खिडक्या लावून कोंडायचं, खाटेखाली शेगडी ठेवायची, "पोट सुटेल" म्हणून पाणी मोजून द्यायचं, हे आपल्याच घरांत चालतं. शेकाचा रिवाज थंडीपावसात सुखाचा असेल, पंचेचाळीस अंशांत तो छळ आहे. दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, घुटी नको. त्याला अधिक वेळा पाजावं, दुपट्यात आवळून ठेवू नये. सासूबाई, आजी, मावश्यांनो, ही सूचना तुमच्या नावाने आहे.

मग बाईने घरातच बसावं का? मुळीच नाही. पोटात मूल आहे म्हणून तिच्या वाट्याचं तळं, संध्याकाळचा वारा, बहिणींबरोबरचं हसणं कोणी हिरावून घेऊ नये. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल तर मधले तीन महिने प्रवासाला बरे असतात. शेवटच्या महिन्यात दवाखान्यापासून लांब जाऊ नये. रक्तदाब, रक्तस्राव किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरला विचारूनच निघावं. अकराच्या आत पोचावं, चारनंतर परतावं, एस.टी.त पुढची जागा धरावी, मागे धक्के फार बसतात. ताक, पन्हं, जलसंजीवनीची पुडी आणि तपासणीचं कार्ड जवळ असावं. बाळंतिणीने स्राव थांबेपर्यंत तळ्यात उतरू नये. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, अंग तापून बोलण्यात गोंधळ होणं, यातलं काहीही झालं तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आणि त्या सहलीचा डबा नवऱ्याने करावा. त्यासाठी कुठल्याही कायद्याची गरज नाही!

मैत्रिणींनो, १ मेची ग्रामसभा तेंदूच्या हंगामातच येते, आणि तिच्याआधी महिला सभा घ्यायची असते. त्या सभेत ठराव मांडू या. प्रत्येक फळीवर सावली, पाणी आणि आडोसा हवा, आणि ती ठेकेदाराच्या कराराची अट हवी. बसस्थानकावरचं बायकांचं शौचालय उघडं आणि स्वच्छ हवं. दवाखान्याचा बाळंतिणींचा कक्ष तापतो का, त्याची अग्निसुरक्षा तपासणी झाली का, याचं लेखी उत्तर हवं. आणि अन्नसुरक्षा कायद्यातला 'प्रत्येक' हा शब्द योजनेतही 'प्रत्येक'च हवा, तोही आजच्या मजुरीच्या हिशेबाने. ठराव लिहून घ्या, सचिवाची सही घ्या, एक प्रत आपल्याजवळ ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात पत्रक घेऊन कोणी आलं तर त्याच्या हातात ती प्रत द्या.