उसना अंगरखा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक मैत्रीण राहते. फॉल-पिको करून देते, ब्लाउज शिवते. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण तिने चाळिशीत पुन्हा हाती घेतलंय. घरी अभ्यास करून बी. ए. करतेय, तेही इंग्रजी घेऊन! परवा ब्लाउज टाकायला गेले, तर मशीनवर कापडाशेजारी गाइड उघडं पडलेलं. शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’.

"ताई, हे प्रतिमा-बितिमा काही डोक्यात शिरत नाही बघा," ती म्हणाली. "रक्त, अंधार, कपडे, झोप. चार शब्द पाठ केलेत. पेपरात उतरवून मोकळी होणार."

"कपड्यांचं काय लिहिलंय?"

तिने वाचून दाखवलं. मॅकबेथ हा स्कॉटलंडचा शूर सरदार. राजा त्याला नवी पदवी देतो, तेव्हा तोच विचारतो, हे उसने कपडे माझ्या अंगावर का चढवता? पुढे तो घरी पाहुणा आलेल्या राजाचाच खून करतो आणि गादी बळकावतो. शेवटी त्याच्याच राज्यातला एक सरदार म्हणतो, की ही राजपदवी त्याच्या अंगावर कशी लोंबतेय, तर एखाद्या खुज्या चोराने राक्षसाचा अंगरखा चोरून घालावा तशी.

ती क्षणभर थांबली. मग हसली. "म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं घातलंय! ताई, कितीही टाचण्या लावा, ते खांद्यात बसायचं नाही."

मैत्रिणींनो, कॅरोलिन स्पर्जन नावाच्या विदुषीने १९३५ साली आपल्या ग्रंथात नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली होती. लंडन विद्यापीठातल्या या पहिल्या महिला प्राध्यापक. शेक्सपिअरच्या नाटकांतल्या प्रतिमा त्यांनी एकेक करून वेचल्या, नोंदवल्या. ‘मॅकबेथ’मध्ये त्यांना पुन्हा पुन्हा दिसले ते हे न बसणारे कपडे. आमच्या मैत्रिणीने ग्रंथ वाचला नव्हता. पण तिच्या गळ्यात मोजपट्टी होती!

आपल्याला वाटतं, शेक्सपिअर म्हणजे मोठ्या लोकांचं, मोठ्या कॉलेजांतलं काम. पण या नाटकाची भाषा बघा. झोपेबद्दल बोलताना मॅकबेथला आठवतं उसवलेलं विणकाम नीट करणारा हात, दिवसभराच्या कष्टानंतरची अंघोळ, ताटातलं पोटभरीचं अन्न. माया म्हणजे दूध. पाप म्हणजे हाताचा न निघणारा डाग. सगळं आपल्या घरातलंच की! आणि आपली मराठी तरी काय करते? ‘उसनं अवसान’, ‘हात झटकले’, ‘झोप उडाली’ असं आपण रोज बोलतो. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्यांना प्रतिमा हा शब्द ठाऊक नसेल, पण प्रतिमा ठाऊक होती.

हे कळून काय मिळतं? पाच-दहा मार्क मिळतातच. पण त्याहून मोठं काही मिळतं.

त्या गाइडमध्ये लेडी मॅकबेथबद्दल एक ओळ होती: नवऱ्याला बिघडवणारी दुष्ट बाई. झालं! बाईनेच घर बुडवलं, हे वाक्य आपल्याला नवं नाही. तिचा गुन्हा मोठाच आहे, तो कुणी नाकारत नाही. पण भाषा काय सांगते ते ऐका. खुनाआधी ती अंधाराला हाक मारते, ये आणि सगळं झाकून टाक. माझ्या दुधाचं विष होऊ दे, म्हणते. म्हणजे ते दूध आधी होतं, तिला ते मुद्दाम नासवावं लागतं. खून झाल्यावर सांगते, थोड्या पाण्याने हात स्वच्छ होतील. आणि शेवटी? तीच बाई झोपेत उठून हात चोळत फिरते. डाग जात नाही, वास जात नाही. आणि अंधाराला बोलावणाऱ्या त्या बाईला आता उशाशी सतत दिवा लागतो.

त्या एका दिव्यात तिचं सगळं दुःख आहे. गाइडच्या ओळीत ते नाही. आणि नवरा? राज्याचं स्वप्न त्याच्या मनात तिने बोलण्याआधीच शिरलेलं होतं, हेही नाटकच सांगतं.

इंग्रजी जड वाटत असेल, तर कुसुमाग्रजांनी म्हणजे वि. वा. शिरवाडकरांनी केलेलं ‘मॅकबेथ’चं रूपांतर ‘राजमुकुट’ (१९५४) शेजारी ठेवा. रंगभूमीवर त्यात दुर्गा खोटे यांनी काम केलं होतं. आधी मराठीत गोष्ट कळू द्या, मग मूळ ओळीकडे जा. मुलीला शिकवताना ‘पाठ कर’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: हा शब्द कुठून आला? स्वयंपाकघरातून, शिवणातून, की शेतातून?

आमची मैत्रीण आता उत्तरं स्वतः लिहून काढतेय. मार्क किती पडतील, कुणास ठाऊक. पण परवा ब्लाउज देताना म्हणाली, "ताई, पाठ केलेलं उत्तरसुद्धा उसन्या अंगरख्यासारखंच असतं, नाही का?"

ब्लाउज मात्र अगदी मापात बसला होता.