आजोबा कशाने गेले?

मंडळी, एक साधा प्रश्न. तुमचे आजोबा कशाने गेले? आणि आईकडचे? उत्तर बहुधा "वय झालं होतं", "हार्ट फेल झालं" नाहीतर "झोपेतच गेले, पुण्यवान माणूस" असं येईल. गोत्र, कुलदैवत, आजोळचं गाव तोंडपाठ असणाऱ्या आपल्या घरांत एवढी एकच माहिती नसते. ती विसरली जात नाही, लपवली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीच्या लग्नात विघ्न नको म्हणून काकांची शुगर लपवायची, आत्याच्या 'त्या' आजाराचं नावच घ्यायचं नाही. मग इथला डॉक्टर फॅमिली हिस्टरीचा फॉर्म पुढे करतो आणि आपण बेधडक सगळीकडे 'नो' वर खूण करतो. माझं पोट डेटाबेसवर चालतं. रिकामा रकाना आणि 'नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना तरी समजावून सांगायला नको!

यात बिघडलं काय? हृदयविकाराचा धोका मोजायची पद्धत अमेरिकेत मुख्यतः फ्रेमिंगहॅमच्या पाहणीतून आली. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात १९४८ साली ती सुरू झाली. लोक ५,२०९, बहुतेक सगळे गोरे. आपली शरीरं त्या हिशेबात नव्हतीच. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात 'मसाला' नावाची पाहणी सुरू झाली. (नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.) दक्षिण आशियाई वंशाच्या, चाळिशीपुढच्या ९०६ जणांनी उपाशीपोटी रक्त दिलं, हृदयाचे स्कॅन करून घेतले, काय खातो-पितो याची लांबलचक प्रश्नावली भरली. निष्कर्ष असा की वयाचा फरक जमेस धरूनही आपल्यात मधुमेह २३ टक्के, गोऱ्यांत ६ टक्के. २०१५ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आशियाई लोकांसाठी मधुमेह तपासणीची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला गेला. तुमचा डॉक्टर आज तुमच्याकडे जरा निरखून बघतो तो अशा लोकांमुळे, ज्यांनी आपला शनिवार दिला.

मुळात हे ज्ञान आपल्याच मातीतलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्या प्रत्येक बारीक दिसणाऱ्या मित्राने तो फोटो फ्रिजवर लावावा. त्याआधी १९९३ पासून याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची, मग त्यांच्या बाळांची मोजमापं घेतली. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण चरबी मात्र टिकून असलेली. तीच मुलं मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षं तपासली गेली. शेतावर राबणाऱ्या बायांनी दंडाला टेप लावू दिला, मुलांना तपासणीला आणलं. आणि आपण? एम.एस. झालेले, पाथ ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडून जगाचा डेटा साफ करणारे? आपल्याला वेळ नाही.

हडसनपलीकडे न्यूयॉर्कमध्ये एनवाययूच्या 'ड्रीम' प्रकल्पात मधुमेह असलेले बांगलादेशी स्त्री-पुरुष सहभागी झाले. त्यांची भाषा बोलणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या आणि कार्यकर्ते त्यांना भेटत, बैठका घेत, आणि साखर खरोखरच जास्त आटोक्यात आली. अशी माणसं डॉक्टरच असावी लागत नाहीत, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी कधीच दाखवलं होतं. तिथे गावातल्याच बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळं वजन करून तपासली आणि ३९ गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली तेही 'लॅन्सेट'ने छापलं.

आता आपलं बघा. इथे जर्सी सिटीतच एका गणेशोत्सवात (मंडळाचं नाव घेत नाही) नर्सिंग शिकणारी आपली एक मुलगी अभ्यासासाठी प्रश्नावली घेऊन बसली होती. वीस मिनिटांचं काम. तिला जागा मिळाली चपलांच्या ढिगाजवळ. शेजारी तंबोल्याला रांग! एका काकांनी विचारलं, "यात आम्हाला काय मिळणार?" दुसऱ्या ताई म्हणाल्या, "आमच्याकडे तसलं काही नाही हो." त्यांचे यजमान मागे उभे राहून दुसऱ्यांदा श्रीखंड घेत होते, इन्सुलिनवर असताना.

भीतीही असते, तिला मी हसणार नाही. माहिती विमा कंपनीच्या हाती लागली तर? २००८ च्या 'जिना' कायद्याने आरोग्य विमा कंपनीला किंवा नोकरी देणाऱ्याला घराण्यातल्या आजारांची माहिती तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. आयुर्विम्याला मात्र तो कायदा लागू नाही, म्हणून लाइफ इन्शुरन्स आधी घ्या, असं मी मित्रांना सांगतो. आणि एनआयएचच्या पैशावर चालणाऱ्या पाहण्यांना २०१७ पासून आपोआप गोपनीयतेचं कायदेशीर संरक्षण मिळतं. फेसबुकवर तिरुपतीच्या केशदानापासून पोरांच्या एसएटी स्कोअरपर्यंत सगळं टाकणाऱ्यांनी गोपनीयतेवर जरा बेताने बोलावं.

२००४ मध्ये इथल्या सर्जन जनरलनी थँक्सगिव्हिंगचा दिवस घराण्याच्या आरोग्याचा इतिहास विचारायचा दिवस म्हणून जाहीर केला. आपल्याला भाऊबीज आहे. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आहेत, ज्यांना इथे दुपारभर वेळ असतो आणि ज्यांच्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नाही. कोण गेलं एवढंच नको, आजार कितव्या वर्षी सुरू झाला तेही विचारा. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमच्या डॉक्टरचा हिशेब बदलतो. आणि कार्यकारिणीला विनंती, पुढच्या वर्षी त्या नर्सिंगच्या मुलीला दारातलं टेबल द्या, तंबोला चपलांजवळ हलवा.