एक चिन्ह, दोन स्मृती

बेल्जियममधील अँटवर्प शहरात मुख्य रेल्वे स्थानकाजवळ होव्हेनियर्सस्ट्राट नावाची एक लहानशी गल्ली आहे. जगातील हिऱ्यांच्या व्यापाराचा फार मोठा भाग अनेक दशके या गल्लीतून आणि तिच्या आसपासच्या मोजक्या रस्त्यांतून होत आला. लांब काळे कोट घातलेले सनातनी ज्यू व्यापारी आणि मूळचे उत्तर गुजरातेतील पालनपूरचे जैन व्यापारी येथे एकाच मेजावर हिऱ्यांच्या पुड्या उघडतात. भाव पटला की दोघे हात मिळवतात आणि 'मझल' हा हिब्रू शब्द उच्चारतात. भाग्य आणि आशीर्वाद लाभो, असा त्या वचनाचा आशय. एवढे झाले की सौदा पक्का. कागद मागाहून होतो. दिलेला शब्द मोडणाऱ्याची पत मात्र कोणताही कागद सावरू शकत नाही.

हा विश्वास एका दिवसात उभा राहिला नाही. १९६० च्या दशकात भारतीय कुटुंबे तेथे स्थिरावू लागली, तेव्हा हा बाजार प्रामुख्याने ज्यू समाजाच्या हाती होता. नवागतांनी इतरांना फारसे किफायतशीर न वाटणारे बारीक हिरे घेतले, ते सुरत परिसरात पैलू पाडण्यासाठी पाठविले आणि हळूहळू व्यापाराचा मोठा हिस्सा मिळविला. बेल्जियममधील पैलू पाडण्याचा धंदा त्याच काळात आटत गेला. अशा स्पर्धेत कटुता येणे स्वाभाविक होते. तरीही दोन्ही समाज शेजारी राहिले, कारण रोजच्या व्यवहाराने त्यांना एकमेकांचे आचार जाणून घ्यावे लागले.

सूर्यास्ताचेच उदाहरण घ्यावे. शुक्रवारी सूर्य मावळताच ज्यूंचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत ते कोणताही व्यवहार करीत नाहीत. चौविहार पाळणारा जैनही सूर्यास्ताकडे लक्ष ठेवूनच भोजन उरकतो. अँटवर्पमध्ये डिसेंबरात पाच वाजण्यापूर्वीच अंधारते, तर जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळाऐवजी सूर्याप्रमाणे दिवस आखणाऱ्या माणसाची अडचण दुसऱ्या तशाच माणसाला चटकन कळते. आहाराचेही तसेच. ज्यूंच्या कोशर नियमांत दूध आणि मांस एकत्र येत नाही. म्हणून दुग्धजन्य अशी खूण असलेल्या कोशर पदार्थात मांस नसते. मात्र त्यांना अंडी आणि मासे वर्ज्य नाहीत, हेही जैन गृहिणीला ठाऊक असावे लागते. शेजाऱ्याचा नियम अर्धवट माहीत असणे पुरेसे नसते, हा धडा स्वयंपाकघरातही मिळतो.

परंतु खरी कसोटी स्वस्तिकाची आहे. जैन श्रावक जिनप्रतिमेसमोर अक्षतांचा स्वस्तिक काढतो. त्याच्या चार भुजा चार गतींचे स्मरण देतात. वरचे तीन बिंदू रत्नत्रयाचे आणि चंद्रकोर सिद्धशिलेचे द्योतक असते. दिवाळीत नव्या वहीच्या पहिल्या पानावरही तो उमटतो. मात्र जर्मनीतील नाझी पक्षाने या चिन्हाची आकृती आपल्या ध्वजावर घेतली. १९४२ ते १९४४ या काळात बेल्जियममधील मेखेलेन येथील छावणीतून सुमारे २५ हजार ज्यूंना त्याच राजवटीने आउश्वित्झला धाडले. परत आले ते अगदी थोडे. अँटवर्पच्या कित्येक ज्यू घरांत त्या न परतलेल्यांच्या आठवणी आहेत.

अशा शेजाऱ्याच्या दृष्टीस दारावरचा स्वस्तिक पडला, तर 'आमचे चिन्ह हजारो वर्षांचे आहे' हे उत्तर खरे असूनही अपुरे ठरते. एका अपेक्षेने तो मंगल आहे. दुसऱ्या अपेक्षेने तीच आकृती मृत्यूची खूण आहे. अनेकान्त मानणाऱ्याला ही दोन्ही विधाने एका वेळी मनात ठेवता आली पाहिजेत. उत्तर अमेरिकेतील जैन संघांच्या 'जैना' या महासंघाने म्हणूनच आपल्या बोधचिन्हात स्वस्तिकाच्या जागी ॐ घेतला. मंदिरातील पूजेत स्वस्तिक जसा होता तसाच राहिला. श्रद्धा कोठे जपावी आणि सार्वजनिक जागी कोठे संयम पाळावा, याचा हा विवेक होय. त्याला भित्रेपणा म्हणणे योग्य नाही.

असा विवेक दुसऱ्या बाजूनेही दिसला. २००८ साली जेरुसलेम येथे भरलेल्या हिंदू आणि ज्यू धर्मनेत्यांच्या परिषदेच्या निवेदनात स्वस्तिक हे प्राचीन मंगल चिन्ह असल्याची नोंद घेण्यात आली. अँटवर्पच्या विल्रिक उपनगरात आज संगमरवरी जिनमंदिर उभे आहे आणि होव्हेनियर्सस्ट्राटमध्ये ज्यूंचे प्रार्थनामंदिर. कोणालाही आपला धर्म सोडावा लागलेला नाही.

मुंबई-पुण्यातील, सांगली-सोलापुरातील जैन कुटुंबांची मुले आता शिक्षणासाठी आणि व्यापारासाठी दूरदेशी जातात. त्यांच्या सामानात खाकरे, मेतकूट आणि पूजेचे पुस्तक आठवणीने ठेवले जाते. जेथे ती राहणार आहेत, तेथील लोकांनी काय सोसले, ते काय पवित्र मानतात आणि कोणत्या दिवशी व्यवहार करीत नाहीत, एवढी माहितीही निघण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांसोबत बसून मिळवावी. व्यापारी घराला समोरच्याची पत पाहण्याची सवय असतेच; त्याच्या दुःखाचीही चौकशी करण्यास फारसा वेळ लागत नाही.